पाठीराख्यांची श्रद्धा आणि सबबींची मुदत



ह्या व्यासपीठावर राज्यक्रांत्यांची चर्चा होते, संतवाङ्मयाची होते, अर्थकारणाची होते. तेथे इंग्लंडातील फुटबॉल क्लबांचे मॅनेजर आणि त्यांचे पाठीराखे हा विषय आम्ही निवडला, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु लोक एका माणसावर श्रद्धा कशी ठेवतात आणि ठेवलेली श्रद्धा कशी काढून घेतात, हा प्रश्न इतिहासाच्या अगदी गाभ्यातला आहे. राज्यकारभारात त्याचे उत्तर शोधू गेले की पैसा, पक्ष, प्रचार, भीती अशा शंभर गोष्टी आड येतात आणि लोकांचे खरे मन हाती लागत नाही. फुटबॉलच्या मैदानावर दर आठवड्याला निकाल लागतो, तो आकड्यांत नोंदला जातो, आणि हजारो माणसे आपले मत तिथल्या तिथे मोठ्या आवाजात सांगून मोकळी होतात. लोकमनाचा अभ्यास करणाऱ्याला इतकी स्वच्छ साधने क्वचितच मिळतात.

दुसरेही एक कारण आहे. आज पुण्या-मुंबईतली, कोल्हापुरातली आणि गोव्यातली कितीतरी तरुण मंडळी शनिवार-रविवारी रात्री जागून मँचेस्टर आणि लंडन येथील सामने पाहतात, त्या क्लबांचे सदरे अंगात घालतात, आणि सामना गेला की दुसऱ्या दिवशी घरात धड कोणाशी बोलत नाहीत. वडीलमंडळींना हा पोरखेळ वाटतो. सात समुद्रांपलीकडच्या मॅनेजरला आपला मुलगा शिव्या का घालतो, हे त्यांना उमगत नाही. ते उमगावे म्हणूनही आजचा हा प्रपंच.

प्रथम ‘मॅनेजर’ हे पद कसे उत्पन्न झाले ते पाहू. इंग्लंडातील फुटबॉल लीग १८८८ साली स्थापन झाली. त्या काळी क्लब चालवीत ते गावातले व्यापारी, कारखानदार, दारूच्या भट्ट्यांचे मालक. संघात कोण खेळणार हे बहुधा संचालकांची समिती ठरवी. पत्रव्यवहार, प्रवासाची सोय आणि हिशेब एवढे चिटणिसाचे काम. सामना हरला तर प्रेक्षकांचा राग संचालकांवर निघे. ही रीत मोडणाऱ्यांत हर्बर्ट चॅपमन ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हडर्सफील्ड टाउन ह्या क्लबाला १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे विजेतेपद मिळवून देऊन ते १९२५ साली लंडनच्या आर्सेनलकडे आले. संघाची निवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी, सारे त्यांनी आपल्या हाती घेतले. १९३० साली त्यांनी एफ. ए. चषक जिंकला, १९३१ व १९३३ साली लीग जिंकली, आणि जानेवारी १९३४ मध्ये ऐन भरात असताना ते न्यूमोनियाने वारले. पुढे १९४५ साली मॅट बस्बी मँचेस्टर युनायटेडकडे आले तेव्हा संघनिवडीत संचालकांनी हात घालू नये, ही त्यांची अट होती. १९५८ च्या फेब्रुवारीत म्यूनिकच्या विमान अपघाताने त्यांचा तरुण संघ उद्ध्वस्त झाला. आठ खेळाडू गेले. त्यातून सावरून बरोबर दहा वर्षांनी, १९६८ साली, त्यांनी युरोपीय चषक जिंकला.

अशा कर्तबगार माणसांमुळे मॅनेजर हा क्लबाचा कर्ता पुरुष झाला. पण अधिकार जिकडे जातो तिकडे दोषही जातो. पूर्वी पाच-दहा संचालकांत वाटला जाणारा लोकांचा राग आता एकट्या माणसावर येऊ लागला. संचालकांनाही ही व्यवस्था सोयीची झाली: मैदानात आरडाओरड वाढली की मॅनेजरला निरोप द्यावा, नवा आणावा, आणि आपली खुर्ची तशीच राखावी.

आता पाठीराख्याची स्थिती पाहा. तो तिकीट काढतो, पण कारभारात त्याला मत नाही. दुकानदार वाईट माल देऊ लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. पाठीराख्याला ती सोय नाही. ज्या क्लबाचे नाव त्याने बापाच्या खांद्यावर बसून घेतले तो क्लब त्याला जन्मभर बदलता येत नाही. म्हणून त्याच्या हाती तीनच गोष्टी राहतात: टाळी, आरोळी आणि रिकामी खुर्ची. श्रद्धा आहे तोवर टाळी. ती डळमळली की आरोळी. आणि ती पार गेली की रिकामी खुर्ची. ह्या तिन्हींचा इतिहास आम्ही दोन उदाहरणांतून सांगणार आहोत.

पहिले उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे. क्लबाने १९६७ साली लीग जिंकली होती. त्यानंतर विजेतेपद रुसले ते रुसलेच. १९७४ साली तर क्लब खालच्या विभागात घसरला. पुढच्याच वर्षी तो वर आला, चषकही जिंकले गेले, परंतु लीग काही हाती येईना. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबाचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन ह्यांची नेमणूक झाली. ते कोणी नवशिके नव्हते. १९८३ साली त्यांच्या ॲबर्डीनने रेआल माद्रिदसारख्या बलाढ्य संघाला हरवून युरोपीय चषक विजेत्यांचा चषक मिळवला होता. साहजिकच आशा मोठ्या होत्या.

पण पहिल्या वर्षी संघ अकरावा आला. दुसऱ्या वर्षी दुसरा आला आणि लोकांना हुरूप आला. तिसऱ्या वर्षी पुन्हा अकरावा. १९८९ च्या उन्हाळ्यात मोठा पैसा ओतून नवे खेळाडू आणले. ऑगस्टमध्ये पहिल्याच सामन्यात गतविजेत्या आर्सेनलला ४-१ असे लोळवले, आणि ओल्ड ट्रॅफर्डला दिवाळी झाली. ती महिनाभरच टिकली. २३ सप्टेंबर रोजी शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला. डिसेंबर आणि जानेवारी ह्या दोन महिन्यांत लीगमधला एकही सामना जिंकता आला नाही. हा आपल्या कारकिर्दीतला सर्वांत काळा काळ होता, असे पुढे स्वतः फर्ग्युसन ह्यांनी सांगितले आहे.

९ डिसेंबर १९८९ रोजी क्रिस्टल पॅलेस ह्या संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन २-१ असा विजय मिळवला. त्या दिवशी एका पाठीराख्याने बिछान्याच्या चादरीवर मजकूर रंगवून आणला होता. त्याचा आशय असा: तीन वर्षे सबबी ऐकल्या, माल मात्र अजून भिकारच, फर्गी, आता राम राम. ही चादर इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात अजरामर झाली आहे. ती सांगताना बहुतेकजण शेवटचा राम राम सांगतात आणि हसतात. आमचे लक्ष मात्र पहिल्या शब्दांकडे जाते. त्या माणसाने ‘तीन वर्षे हरलो’ असे लिहिले नाही. ‘तीन वर्षे सबबी’ असे लिहिले. सबबी ऐकून घेण्याची त्याची मुदत संपली होती.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. ७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध सामना होता. फर्ग्युसन हरले तर घरी जाणार, असे सारे जण धरून चालले होते. मार्क रॉबिन्स ह्या तरुण खेळाडूने गोल केला, युनायटेडने सामना १-० असा जिंकला, आणि मे महिन्यात तोच चषक उचलला. अंतिम सामना त्याच क्रिस्टल पॅलेसशी, पहिल्या दिवशी ३-३, फेरसामन्यात १-०. पुढच्या वर्षी बार्सिलोनाला हरवून युरोपीय चषक विजेत्यांचा चषक आला. १९९३ साली, सव्वीस वर्षांनी, लीग आली. १९९९ साली लीग, एफ. ए. चषक आणि युरोपचे अजिंक्यपद असे तिन्ही मुकुट एका हंगामात डोक्यावर चढले. २०१३ साली निवृत्त होईतो फर्ग्युसन ह्यांनी लीग तेरा वेळा जिंकली होती.

रॉबिन्सच्या त्या गोलाने एक नोकरी वाचली आणि एक युग सुरू झाले, ही दंतकथा मोठी गोड आहे. परंतु इतिहासाने दंतकथेची पारख केली पाहिजे. त्या वेळचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स ह्यांनी नंतर वारंवार सांगितले आहे की, तो सामना हरला असता तरी फर्ग्युसन ह्यांना काढण्याचा आमचा बेत नव्हता. हे खरे मानले तर प्रश्न असा पडतो की, बाहेर चादरी फडकत असताना संचालकांना धीर कोठून आला? उत्तर कठीण नाही. फर्ग्युसन आले तेव्हा होतकरू मुले हुडकून आणणारी क्लबाची यंत्रणा थकलेली होती. त्यांनी ती नव्याने बांधायला घेतली. गावोगाव माणसे नेमली. रायन गिग्ज हा मुलगा चौदा वर्षांचा झाला त्या सुमारास, १९८७ अखेरीस, क्लबाशी जोडला गेला. संघातली बेशिस्त आणि मद्यपान मोडायलाही त्यांनी सुरुवात केली होती. संचालक मंडळात बॉबी चार्लटन ह्यांच्यासारखा, म्यूनिकमधून वाचलेला आणि खेळाची नाडी जाणणारा माणूस बसलेला होता. पाया खोदला जातो आहे हे आतल्यांना दिसत होते. बाहेरच्यांना दिसत होता तो फक्त खड्डा.

मग त्या चादरवाल्याचे चुकले काय? आम्ही त्याला दोष देणार नाही. न्यायाधीश पुढे आलेल्या पुराव्यावर निकाल देतो. आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकापुढे पुरावा होता तो अकरावा क्रमांक, पुन्हा अकरावा क्रमांक, आणि त्या हंगामाअखेर लागलेला तेरावा. चौदा वर्षांचा गिग्ज त्याला कोणी दाखवला नव्हता. त्याचा निकाल चुकला, पण त्याचा न्याय खोटा नव्हता. ह्या दोहोंतला फरक इतिहास वाचणाऱ्याने कधी विसरू नये.

ह्या घटनेतून इंग्लंडात एक सूत्रच निघाले: मॅनेजरला वेळ द्या, फळ मिळेल. जो तो फर्ग्युसन ह्यांचा दाखला देऊ लागला. त्या सूत्रात एक मेख आहे. धीर धरून फळ मिळाले ते एक झाड आपल्याला दिसते. पाणी घालूनही जी झाडे वठली त्यांची मोजदाद कोणी करीत नाही. खुद्द युनायटेडने फर्ग्युसन ह्यांच्या आधी रॉन ॲटकिन्सन ह्यांना पाच वर्षे दिली होती. त्यांनी १९८३ आणि १९८५ असे दोन एफ. ए. चषक जिंकले, पण लीग आली नाही. त्या पाच वर्षांचा दाखला धीराचे महत्त्व सांगताना कोणी देत नाही.

सूत्राची खरी परीक्षा फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा लागली. १२ मे २०१३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर निरोपाचे भाषण करताना त्यांनी लोकांना सांगितले की, माझ्या वाईट दिवसांत क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला. आता तुमचे काम नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहण्याचे. नवे मॅनेजर डेव्हिड मॉइस होते. त्यांना सहा वर्षांचा करार दिला होता. ‘हाच तो निवडलेला’ अशा अर्थाचा फलक प्रेक्षकांनी स्टँडवर लावला. निकाल एकापाठोपाठ एक वाईट येऊ लागले तरी लोकांनी कमालीचा संयम पाळला. मार्च २०१४ मध्ये काहींनी मॉइस ह्यांच्या विरोधातील फलक बांधलेले विमान मैदानावरून उडवले, तेव्हा खालच्या प्रेक्षकांनी त्या विमानाचीच हुर्यो केली. ज्या मैदानावर चादर फडकली होती त्याच मैदानाने हा धडा गिरवला होता. पण ह्या वेळी धीर सुटला तो संचालकांचा. एप्रिल २०१४ मध्ये, दहा-अकरा महिन्यांतच, मॉइस ह्यांना काढले. गतविजेता संघ त्या हंगामात सातवा आला. एकोणीसशे नव्वदची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता आली नाही.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळू. ते आर्सेनलचे, आणि आमच्या मते ते अधिक करुण आहे, कारण येथे श्रद्धा आधी होती आणि ती कणाकणाने झिजली.

१९९६ च्या शरदात आर्सेनलने आर्सेन वेंगर ह्या फ्रेंच गृहस्थांना आणले. ते जपानमधील नागोया येथील क्लबातून आले होते, स्ट्रासबूर्ग विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकलेले होते, आणि इंग्लंडात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. लंडनच्या एका सायंदैनिकाने ‘आर्सेन कोण?’ असा मथळा दिला. दोन वर्षांत उत्तर मिळाले. खेळाडूंचा आहार, सराव, विश्रांती ह्यांत त्यांनी शास्त्र आणले. १९९८ आणि २००२ साली लीग व एफ. ए. चषक अशी दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली. २००३-०४ च्या हंगामात अडतीस सामन्यांत सव्वीस विजय, बारा बरोबऱ्या आणि पराभव एकही नाही, असा पराक्रम घडला. लीगमधील अपराजित सामन्यांची माळ एकोणपन्नासपर्यंत गेली आणि २४ ऑक्टोबर २००४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर, फर्ग्युसन ह्यांच्या संघाकडून, तुटली. अमेरिकेच्या नाण्यांवर देवावरील विश्वासाचे जे वचन असते त्यात देवाच्या जागी आर्सेन हे नाव घालून प्रेक्षकांनी फलक रंगवले. माणूस देव्हाऱ्यात बसला होता.

मग आली परीक्षेची वर्षे. क्लबाचे जुने हायबरी मैदान सुमारे अडतीस हजारांचे. अधिक उत्पन्न हवे तर मोठे मैदान हवे, म्हणून शेजारी साठ हजारांचे नवे मैदान बांधले. एकूण खर्च सुमारे एकोणचाळीस कोटी पौंड. २००६ साली क्लब तेथे गेला आणि कर्ज फेडू लागला. नेमक्या त्याच काळात चेल्सीला २००३ मध्ये आणि मँचेस्टर सिटीला २००८ मध्ये कुबेराचे धनी लाभले. आर्सेनलमधून व्हिएरा गेला, ऑन्री गेला, फाब्रेगास गेला. २०१२ साली तर कप्तान व्हान पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन ह्यांना अखेरची लीग जिंकून देता झाला. २८ ऑगस्ट २०११ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ असा मानहानीचा पराभव झाला. २००५ च्या एफ. ए. चषकानंतर २०१४ पर्यंत एकही चषक आला नाही.

आणि तरीही, ह्या नऊ वर्षांत बहुसंख्य पाठीराखे वेंगर ह्यांच्या मागे राहिले. का? कारण त्यांना खुलासा मिळाला होता आणि तो खरा होता. कर्ज आहे, हात आखडता आहे, तरीही आम्ही दर वर्षी पहिल्या चारांत येतो, असे क्लब सांगत होता, आणि संघ दर वर्षी पहिल्या चारांत येत होता. वेंगर अर्थशास्त्र शिकलेले. त्यांनी २०१२ च्या भागधारकांच्या सभेत पहिल्या चारांत येऊन युरोपच्या स्पर्धेत जागा मिळवणे हाही आपल्या लेखी एक चषकच आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. लोक हसले, कुरकुरले, पण थांबले. स्वस्तात स्वस्त वार्षिक तिकिटालाही हजार पौंडांच्या घरात पैसे मोजून थांबले.

श्रोतेहो, येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. खऱ्या अडचणीलाही मुदत असते. सप्टेंबर २०१३ मध्ये क्लबाने मेसुत ओझिल ह्या जर्मन खेळाडूला सुमारे सव्वाचार कोटी पौंड किंमत देऊन आणले. त्या दिवशी साऱ्यांनी आनंदोत्सव केला. पण त्याच दिवशी पैसा नाही हा खुलासा संपला, हे फारसे कोणी बोलले नाही. २०१४ आणि २०१५ साली एफ. ए. चषक आले. लीगमध्ये मात्र तेच: शरदात आशा, फेब्रुवारी-मार्चमध्ये घसरण, युरोपच्या स्पर्धेत बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यावर परतीची वाट. डिसेंबर २०१४ मध्ये स्टोक येथे सामना गमावून संघ परतत असता रेल्वेच्या फलाटावर काही पाठीराख्यांनी वेंगर ह्यांना तोंडावर शिव्या दिल्या. साठी ओलांडलेल्या, क्लबाला मोठेपणा देणाऱ्या माणसाची ही विटंबना आम्ही निंद्यच मानतो.

मग २०१५-१६ चा हंगाम उजाडला आणि लेस्टर सिटी ह्या लहान क्लबाने लीग जिंकली. पैजा घेणाऱ्यांनी त्याचा भाव पाच हजारास एक असा लावला होता. सारे श्रीमंत क्लब त्या वर्षी अडखळले होते. आर्सेनलने लेस्टरला दोन्ही सामन्यांत हरवले. आणि तरी दहा गुण मागे राहून दुसरे स्थान घेतले. पैसा असल्याशिवाय लीग जिंकता येत नाही, ही उरलीसुरली सबब लेस्टरने जाळून टाकली. ३० एप्रिल २०१६ रोजी नॉर्विचविरुद्ध सामन्यात बाराव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला काही प्रेक्षकांनी ‘आता बदल हवा’ असे कागद उंच धरले. शेवटच्या लीग विजयाला बारा वर्षे झाली होती, म्हणून तो बाराचा हिशेब. पण मैदानातल्या इतरांनी वेंगर ह्यांच्या नावाचा गजर करून त्यांना गप्प केले. एकाच क्लबाचे सदरे घातलेली माणसे एकमेकांवर ओरडत होती.

पुढच्या वर्षी बायर्न म्यूनिककडून दोन सामने मिळून १०-२ असा पराभव झाला. १८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे तर विलक्षण दृश्य दिसले. आधी एक विमान वेंगर ह्यांना नवा करार देऊ नका असा फलक ओढीत गेले. मग दुसरे विमान त्यांच्यावरील विश्वासाचा फलक ओढीत आले. खाली संघ ३-१ असा हरत होता आणि वर आभाळात पाठीराख्यांचे वर्गणी काढून भांडण चालले होते. क्लबाचे मुख्य अधिकारी म्हणाले की, ह्या अपयशातून बदल घडेल. मे महिन्यात संघ पाचवा आला, वीस वर्षांचा पहिल्या चारांचा नेम मोडला, एफ. ए. चषक मात्र जिंकला. आणि त्याच आठवड्यात वेंगर ह्यांना दोन वर्षांचा नवा करार मिळाला. बदल तो हाच.

त्यानंतर आरोळीही थांबली आणि तिसरे शस्त्र बाहेर आले. १ मार्च २०१८ रोजी, कडाक्याच्या थंडीत, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्याला हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकिटे आधीच विकलेली, पैसे क्लबाच्या पेटीत जमा झालेले. माणसे मात्र आली नव्हती. आरोळीला रागावता येते, उत्तर देता येते. रिकाम्या खुर्चीशी बोलायचे काय? २० एप्रिल २०१८ रोजी, बावीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर, वेंगर हंगामाअखेर जात असल्याची घोषणा झाली.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे काय दिसते? १९८९ चा फर्ग्युसन ह्यांच्यावरचा अविश्वास आणि २०१७ चा वेंगर ह्यांच्यावरचा अविश्वास ह्यांचे मूळ एकच होते. पराभव पाठीराखे पचवतात. ८-२ चा पराभवही त्यांनी पचवला. त्यांना विट येतो तो जुनाच खुलासा पुन्हा ऐकण्याचा. पुढचा निकाल मात्र भिन्न निघाला, ह्याचे कारण आम्हांला क्लबाच्या घडणीत दिसते. १९८९ साली मँचेस्टरमध्ये मॅनेजर आणि मैदान ह्यांच्यामध्ये एक जाणते मंडळ होते. पाया खोदला जातो आहे की नुसता खड्डा, हे त्याला कळत होते, आणि मॅनेजरला दालनात बोलावून हिशेब विचारण्याची त्याची ताकद होती. आर्सेनलमध्ये हे मधले माणूस नाहीसे झाले होते. वेंगर ह्यांना आणण्यात पुढाकार घेणारे, खेळ जाणणारे उपाध्यक्ष डेव्हिड डीन २००७ साली क्लब सोडून गेले. २०११ पासून बहुसंख्य भाग अमेरिकेतील स्टॅन क्रोंके ह्यांच्याकडे गेले. वेंगर ह्यांना विचारणारा कोणी उरला नाही. तेच मॅनेजर, तेच धोरण, तेच प्रवक्ते. वर्षातून एकदा भागधारकांच्या सभेत लहान भागधारक उठून प्रश्न विचारीत, एवढीच काय ती खिडकी. २०१८ साली क्रोंके ह्यांनी उरलेले सारे भाग घेतले आणि तीही मिटली.

हिशेब विचारण्याचे दालन बंद झाले की हिशेब चव्हाट्यावर विचारला जातो, आणि चव्हाट्याची भाषा दालनातल्यासारखी नसते. स्टोकच्या फलाटावरच्या शिव्यांचा दोष देणाऱ्यांचा आहेच. पण ज्यांनी प्रश्न विचारण्याची सारी सभ्य ठिकाणे रिकामी ठेवली, त्यांच्या पदरीही त्यातला काही भाग बांधला पाहिजे. ज्यांचे काम मॅनेजरला वेळीच सन्मानाने निरोप देण्याचे होते त्यांनी ते केले नाही, म्हणून ते काम प्रेक्षकांना करावे लागले; आणि प्रेक्षकांजवळ ते करण्याचे सौम्य साधनच नव्हते. वेंगर ह्यांचे वैभवही त्यांना ह्यात मारक ठरले. ज्याने सर्व दिले त्याला ‘पुरे’ म्हणणार कोण? उपकाराच्या ओझ्याखाली जीभ उचलत नाही, आणि उचलली तर ती कडूच निघते.

६ मे २०१८ रोजी आपल्या मैदानावरचा अखेरचा सामना वेंगर ह्यांच्या संघाने ५-० असा जिंकला. त्या दिवशी सारे गट एक झाले. साठ हजारांचे मैदान भरून गेले. आदल्या दिवशी फर्ग्युसन मेंदूतील रक्तस्रावाने रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी आली होती. वेंगर ह्यांनी निरोपाचे भाषण सुरू केले ते आपल्या ह्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला आराम पडो असे म्हणून. फर्ग्युसन बरे झाले. वेंगर मात्र साडेचार वर्षे त्या मैदानात सामना पाहायला गेले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये ते प्रथम परतले, आणि २०२३ च्या जुलैत मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. फर्ग्युसन ह्यांचा पुतळा ओल्ड ट्रॅफर्डला २०१२ पासून आहे. एकाला लोकांनी आधी राम राम म्हटला आणि मग डोक्यावर घेतले; दुसऱ्याला आधी डोक्यावर घेतले आणि मग राम राम म्हटला. दोघांचे पुतळे आज सारखेच ताठ उभे आहेत.

ह्यावरून आम्ही काही मोठा सिद्धांत काढू इच्छीत नाही. परंतु इतके म्हणावेसे वाटते. लोकांची श्रद्धा ही देणगी नाही, ठेव आहे. जो नेता वेळ मागतो त्याला लोक वेळ देतात. आमची कल्पना असते त्याहून पुष्कळच अधिक देतात. मात्र मुदत भरली की त्याने हिशेब दाखवावा, आणि तो घेणारे जाणते, निर्भय मंडळ संस्थेत असावे, एवढी त्यांची माफक अपेक्षा असते. हे फुटबॉल क्लबाला लागू आहे. तालमीला, शिक्षणसंस्थेला, सहकारी बँकेला, नगरपालिकेला ते लागू आहे की नाही, ह्याचा विचार श्रोत्यांनी आपापल्या ठिकाणी करावा. आणि ज्यांच्या घरातला मुलगा रात्री बारा वाजता परक्या देशातल्या मॅनेजरच्या नावाने बोटे मोडीत बसलेला असेल, त्या वडिलांनी त्याला सरसकट वेड्यात काढू नये. श्रद्धा ठेवणे म्हणजे काय, ती ठेवूनही प्रश्न कसा विचारावा, आणि प्रश्न विचारताना माणसाचा मान कसा राखावा, हे नागरिकाला पुढे जन्मभर पुरणारे धडे तो तेथे शिकतो आहे. त्यातला तिसरा धडा त्याला घरात कोणीतरी शिकवावा, एवढेच सुचवून आम्ही आपली रजा घेतो.